डब्यावरचा १८०० आणि पोस्टमास्तरांचा घोडा

(गुहागर तालुक्यातल्या एका गावच्या वाचनालयात मे महिन्यात दिलेलं व्याख्यान. बोललो तसंच ठेवलंय, फक्त माईकची खरखर आणि मधे लाईट गेली तेव्हाची वीस मिनिटं काढून टाकलीयेत.)

मंडळी, आधी हे बघा. मागच्यांना दिसत नसेल तर उचलून धरतो. हा बुद्धिबळाचा कॉम्प्युटर. स्क्रीन नाही, की-बोर्ड नाही, पंचांगाच्या गठ्ठ्याएवढा प्लास्टिकचा पट, कडेला सोळा बारके लाल दिवे. मोहरं घरावर ठेवताना जरा दाबायचं, आत कुठेतरी टुक् होतं, म्हणजे त्याला कळलं. मग ते विचार करतं, आणि दोन दिवे लागतात, एक आडव्या ओळीचा, एक उभ्या, त्या दोन ओळी जिथे भेटतात तिथलं मोहरं उचलायचं, परत दोन दिवे, तिथे नेऊन ठेवायचं. म्हणजे हमाली सगळी आपण करायची, हे नुसते हुकूम सोडणार. आमची आई म्हणायची, घरात असा एक आधीच होता, दुसरा कशाला आणलात.

माझा काका बोटीवर होता. १९८६ च्या गणपतीला घरी आला तो सिंगापूरहून हे घेऊन आला. बाकीच्यांचे काका टू-इन-वन आणायचे, परफ्युम आणायचे, आमच्याकडे हे. कंपनीचं नाव सांगत नाही, कारण पुढे मी तिची थोडी उणीदुणी काढणार आहे. तर डब्यावर सोनेरी अक्षरात एक आकडा छापला होता, १८००. खाली बारीक टायपात काहीतरी होतं जे आम्ही वाचलंच नाही, औषधाच्या बाटलीवरचं कोण वाचतं.

आज मला या १८०० बद्दलच बोलायचंय. हा आकडा आला कुठून, मोजला कोणी, आणि कशाने मोजला. तांदूळ मोजायला पायली आहे, जमिनीला गुंठा आहे, पण हुशारी मोजायची तर माप कुठलं लावणार?

माप शोधलं एका फिजिक्सच्या प्राध्यापकाने. अर्पाद एलो, जन्माने हंगेरियन, राहायला अमेरिकेत मिल्वॉकीला, स्वतः चांगला खेळाडू. १९६० साली अमेरिकन फेडरेशनने त्याची पद्धत घेतली, १९७० साली फिडेने, म्हणजे जागतिक संघटनेने. हिशोब अगदी साधा आहे. दोघांच्या रेटिंगमध्ये, म्हणजे ताकदीच्या आकड्यात, १०० चा फरक असेल तर वरच्याने १०० डावात ६४ पॉइंट घ्यावेत, २०० चा असेल तर ७६, ४०० चा असेल तर ९१ च्या आसपास. जिंकला तर एक पॉइंट, बरोबरीला अर्धा. अपेक्षेपेक्षा जास्त मिळवले की रेटिंग चढतं, कमी मिळवले की उतरतं, बास.

आता यातली मेख बघा. सगळा हिशोब फरकाचा आहे. उद्या जगातल्या प्रत्येकाच्या रेटिंगमध्ये १००० मिळवले तरी काही म्हणजे काही बदलणार नाही. १८०० ला स्वतःचा असा अर्थच नाही, १८०० कोणाच्या तुलनेत एवढंच विचारता येतं. वजनाचं तसं नसतं, पाच किलोचा फणस शेजारी दुसरा फणस नसला तरी पाच किलोचाच असतो. एलो स्वतःसुद्धा गमतीत म्हणायचा की माणसाचं रेटिंग मोजणं म्हणजे पाण्यावर हेलकावणारं बूच, दोरीला बांधून वाऱ्यावर झुलणाऱ्या काठीने मोजायचं. जाळ्याची बुचं ज्यांनी पाण्यात बघितलीयेत त्यांना हे मी वेगळं सांगायला नको.

आणि आमची गंमत अशी की तेव्हा फिडेचं रेटिंग पुरुषांना २२०० च्या खाली मिळतच नसे. यादीच तिथे संपायची. म्हणजे आमच्या पंचक्रोशीत १८०० रेटिंगचा एकच रहिवासी होता, आणि त्याला चार सेल लागायचे.

बरं, मग आमच्याकडे माप नव्हतं का? होतं की. आमचे पोस्टमास्तर. मूळचे मालवणचे, बदली होऊन आलेले, आणि दुपारची टपाल गाडी गेली की पोस्टाच्या मागच्या पडवीत पट मांडून बसायचे. त्यांच्या मापाला मोहऱ्यांचं एकक होतं. नवा पोरगा आला की स्वतःचा वजीर काढून ठेवायचे आणि खेळायचे. पोरगा जिंकायला लागला की वजिराऐवजी हत्ती काढायचे, मग घोडा, मग नुसतं प्यादं. माझ्याबद्दल त्यांचं मत होतं, "तू माझ्यापेक्षा एक घोडो कमी." झालं, हेच रेटिंग. हसू नका, एलोच्या आधी युरोपातसुद्धा खेळाडूंची प्रतवारी अशीच चालायची, कोण कोणाला काय देऊन खेळतो यावर. पोस्टमास्तरांनी ते कुठे वाचलं नव्हतं, त्यांचं त्यांनाच सुचलेलं.

दुसऱ्या बाजूला तात्या. तात्या देशी पद्धतीने खेळायचे, म्हणजे प्यादं पहिल्या चालीला पण एकच घर जाणार, राजाला शह बसला नसेल तर एकदा घोड्याची चाल मिळणार, आणि कॅसलिंग, म्हणजे एकाच चालीत राजा आणि हत्ती दोन्ही हलवणं, वगैरे काही नाही. त्यांना मशीनसमोर बसवलं. पाचव्या-सहाव्या चालीला मशीनने कॅसलिंग केलं तर तात्या उठलेच, "राजा हत्तीच्या मागे लपला, हा कसला राजा!" मग त्यांनी आपला राजा घोड्यासारखा उडवला, मशीनने ट्यॅं ट्यॅं करून नकार दिला, तात्यांनी परत उडवला, परत ट्यॅं ट्यॅं. शेवटी पट आवरला. बाबांच्या वहीत त्या डावापुढे निकाल नाही, नुसता शेरा आहे, "नियमांवरून मतभेद".

ही वही. ही खरी महत्त्वाची. बाबा तलाठी होते, त्यांना नोंद केल्याशिवाय पाणी गोड लागायचं नाही. तारीख, खेळाडू, मशीन कुठल्या लेव्हलवर, पांढरी कोणाची, निकाल, आणि शेवटी शेरा. शेऱ्यात "सेल उतरले", "पाहुणे आले म्हणून अर्धवट", "बंडू जागरण करून आला होता" असं सगळं. तेव्हा आम्ही त्यांना हसायचो. पुढे कळलं की जगात जे जे लोक मशीनची ताकद मोजायला बसले त्यांना हाच शेऱ्याचा कॉलम नडला.

आधी जरा जुनं सांगतो. १९६७ साली अमेरिकेत एमआयटीमध्ये रिचर्ड ग्रीनब्लाट नावाच्या पोराने मॅक हॅक नावाचा प्रोग्राम लिहिला आणि तो माणसांच्या खऱ्या टुर्नामेंटमध्ये उतरवला. पहिल्या टुर्नामेंटला चार डाव हरला, एक बरोबरीत. पण रेटिंग मिळालं! माणसांशी खेळला, माणसांच्या नियमाने खेळला, म्हणून आकडा खरा. पुढच्याच वर्षी डेव्हिड लेव्ही नावाच्या स्कॉटिश मास्टरने पैज लावली की दहा वर्षात कुठलाही कॉम्प्युटर मला मॅचमध्ये हरवणार नाही. १९७८ ला टोरांटोत चेस ४.७ या प्रोग्रामशी खेळला, साडेतीन-दीडने जिंकला, पैज खिशात. पण तो जिंकला कसा ते बघा, जास्त हुशार खेळून नव्हे, मशीनला नावडतं असं खेळून. काही करायचंच नाही, शांत बसायचं, मशीनला कळेना की आता काय करायचं. त्यानंतर पाच वर्षांनी, १९८३ ला, केन थॉम्पसन आणि जो कॉन्डन यांचं बेल लॅब्सचं बेल नावाचं मशीन अमेरिकेत मास्टर झालं.

लेव्हीची ही युक्ती आमच्या पोस्टमास्तरांना तीन आठवड्यात सापडली. त्यांनी प्यादी एकमेकांना भिडवून पटावर कुंपणच घातलं, काही उघडायचं नाही, काही मारामारी नाही. मशीन मारामारीत वाघ, पण कुंपण दिसलं की हत्ती एका घरातून शेजारच्या घरात, परत पहिल्या घरात, परत शेजारी. पोस्टमास्तर आपले एकेक मोहरं उचलून त्याच्या राजाच्या दिशेने नेतायत, वीस-वीस चाली, मशीनला पत्ताच नाही, कारण ते चार-पाच चालीच पुढचं बघतं आणि वादळ दहाव्या चालीला येणार आहे. मला म्हणाले, "ह्येका कायएक कळणा नाय, ह्यो नुसतो मोजता." त्या पावसाळ्यात ते मशीनला स्वतःचं एक प्यादं काढून हरवायचे. म्हणजे त्यांच्या मापाने मशीन त्यांच्यापेक्षा प्याद्याने कमी. आणि बंडूच्या मोठ्या भावाच्या मापाने? तो पोस्टमास्तरांना अधूनमधून सरळ हरवायचा, पण मशीनसमोर दहातले आठ डाव हरायचा, कारण त्याचा खेळ सगळा मारामारीचा. आता सांगा, मशीन कितीचं?

इथे एलोचं गणित थोडं लंगडतं. गणित असं धरून चालतं की ताकद म्हणजे एक सरळ पट्टी, अ ने ब ला हरवलं, ब ने क ला, तर अ क ला आरामात हरवणार. माणसा-माणसात हे बरंचसं खरं ठरतं, कारण आपण सगळे साधारण एकाच पद्धतीने चुकतो. मशीन वेगळ्या पद्धतीने चुकायचं.

दुसरी भानगड बंडूने केली. मशीनला नशीब नाही, मूड नाही. तुम्ही त्याच चाली खेळलात तर ते बहुतेक वेळा त्याच चाली खेळणार. बंडूने एक डाव जिंकला आणि चाली पाठ केल्या, आणि मग तोच डाव अकरा वेळा जिंकला! बाबांच्या वहीत ओळीने अकरा विजय, आणि मग बाबांना संशय आला, त्यांनी एकदा शेजारी बसून बघितलं आणि अकरातले दहा डाव लाल शाईने खोडले. शेरा: "एकच डाव". स्टॅटिस्टिक्सवाल्याने हेच दोन पानात सांगितलं असतं. अकरा वेळा खेळलात म्हणजे अकरा डाव होत नाहीत.

आता हे छापील आकडे कंपन्या काढायच्या कसे? ऐंशीच्या दशकात खूप कंपन्या होत्या, अमेरिकेत फिडेलिटी, म्युनिकची मेफिस्टो, हाँगकाँगची नोव्हॅग, सायटेक. दुकानात दोन डबे शेजारी ठेवले तर गिऱ्हाईक मोठा आकडा उचलणार, आपण पंखा घेताना हेच करतो. त्यामुळे आकडे चढायला लागले. मग अमेरिकन फेडरेशनने पद्धत काढली की मशीन पाठवा, आम्ही रेटिंगवाल्या माणसांशी ४८ डाव खेळवू आणि त्यावरून आकडा देऊ. चांगली पद्धत, अगदी आमच्या बाबांसारखी. पण ४८ डाव म्हणजे किती, याचा जरा हिशोब करू.

नाणं उडवताना दहात सात छापे पडले तर आपण नाणं खोटं म्हणत नाही, तसंच इथे. एका डावाच्या निकालात केवढी तरी नशिबाची भेसळ असते. ४८ डावांच्या स्कोअरमध्ये साधारण १३ टक्के इकडे-तिकडे नुसत्या नशिबाने होऊ शकतं, म्हणजे रेटिंगमध्ये ९० पॉइंट वर किंवा ९० खाली. म्हणजे डब्यावर १८०० असेल तर प्रामाणिकपणे छापायचं तर १७१० ते १८९० असं छापायला हवं. असं कोण छापेल? हापूसच्या पेटीवर "यात थोडे रायवळ असण्याची शक्यता" असं कोणी लिहितं का?

स्वीडनचे लोक जास्त चिकट. तिथल्या कॉम्प्युटर बुद्धिबळवाल्यांची संघटना आहे, एसएसडीएफ, हौशी माणसं, घरी दोन मशीन समोरासमोर ठेवून हाताने चाली इकडून तिकडे करायची, डाव संपायला पाच-सहा तास, आणि असे हजारो डाव. १९८४ पासून त्यांची यादी आहे. पण मशीन-मशीनमध्ये खेळून नुसता फरक कळतो, पट्टीचं शून्य कुठे ठेवायचं ते कळत नाही. म्हणून त्यांनी १९८७ ते १९९१ मध्ये स्वीडिश टुर्नामेंट खेळाडूंशी ३३७ डाव खेळवले आणि त्यावर सगळी यादी टांगली. ३३७ डावांना नशिबाचा खेळ ३५ पॉइंटांवर येतो. त्या काळात याहून बरं माप मला तरी माहीत नाही.

आणि तरीही घोळ झालाच. २००० साली त्यांना अख्खी यादी १०० पॉइंट खाली उतरवावी लागली. का, ते समजून घेण्यासारखं आहे, जरा थांबा इथे.

दाभोळ आणि धोपावे. मधे वाशिष्ठीची खाडी. आता फेरीबोटीत गाड्या घालून पाच-दहा मिनिटात पलीकडे जाता, पण आमच्या लहानपणी होडी, आणि जोरदार पावसात तीही बंद. दोन्ही काठांवर क्रिकेटच्या टीम. समजा पलीकडच्या टीमांनी आपापसात खेळून पॉइंट लावले, इकडच्यांनी इकडे लावले. पलीकडचा १८०० आणि इकडचा १८०० यांचा संबंध काय? काहीच नाही. संबंध तेव्हाच लागतो जेव्हा होडी चालू असते आणि कोणीतरी पलीकडे जाऊन खेळून येतं. एकदा लागला की कायमचा नाही बरं का, होडी बंद झाली की दोन्ही काठ आपापले वाहत जातात. इकडे पोरं सुधारली, तिकडे दोन चांगले बोलर मुंबईला गेले, आणि पॉइंट मात्र जुनेच.

स्वीडनची होडी १९९१ ला बंद झाली. पुढे मशीनं फक्त मशीनांशी खेळत राहिली. आणि मशीन-मशीनमधला फरक फुगतो. समजा एक प्रोग्राम पाच चाली पुढचं बघतो आणि त्याचाच नवा भाऊ सहा. नव्याला जुन्याला दिसतं ते सगळं दिसतं आणि वर एक चाल जास्त, म्हणून तो जुन्याला बडवून काढतो. केन थॉम्पसनने बेलला बेलशीच असं लढवून बघितलं होतं, एक चाल खोल गेलं की २०० च्या आसपास पॉइंट वाढायचे. पण हाच नवा भाऊ आमच्या पोस्टमास्तरांच्या कुंपणासमोर बसवा, पाच काय आणि सहा काय, वादळ दहाव्याच चालीला आहे. म्हणजे माणसांसमोरचा फरक कमी, मशीनांसमोरचा जास्त. पट्टी तीच, पण ती रबराची.

होडी चालू ठेवायचा सगळ्यात छान प्रयत्न हॉलंडमध्ये झाला, द हेगला, एगॉन या विमा कंपनीच्या टुर्नामेंटा, १९८६ ते १९९७. एका बाजूला माणसं, एका बाजूला कॉम्प्युटर, माणूस माणसाशी खेळणारच नाही, फक्त पलीकडच्यांशी. दरवर्षी. मला वाटतं डीप ब्लूपेक्षा, म्हणजे आयबीएमच्या त्या गाजलेल्या मशीनपेक्षा, हे महत्त्वाचं काम होतं, पण त्याचे फोटो पेपरात पहिल्या पानावर आले नाहीत.

डीप ब्लूचं तुम्हाला माहितीये. १९९६ ला फिलाडेल्फियात तेव्हाचा वर्ल्ड चॅम्पियन कास्पारोव्ह ४-२ ने जिंकला, १९९७ ला न्यूयॉर्कला डीप ब्लू साडेतीन-अडीच. सेकंदाला २० कोटी पोझिशन, म्हणजे पटावरच्या मांडण्या, बघायचं. आणि त्यानंतर ते मशीन परत कधी खेळलंच नाही. लोक मला विचारतात, डीप ब्लूचं रेटिंग किती हो? मी म्हणतो सहा डाव, एक माणूस. शितावरून भाताची परीक्षा करतात ते खरं, पण तिथे अख्खा भात एकाच टोपात एकाच चुलीवर शिजलेला असतो. कास्पारोव्हने दुसऱ्या गेममध्ये ज्या पोझिशनला हार मानली ती बरोबरीत सुटली असती असं तेव्हा म्हटलं गेलं, शेवटच्या डावात ओपनिंगला, म्हणजे सुरुवातीच्या चालींनाच, गडबडला, हे सगळं त्या अडीचमध्ये आहे. बाबांच्या वहीत असतं तर शेऱ्याचा कॉलम पुरला नसता.

वेळेचं राहिलं. हे तर सगळ्यात मोठं. १९९८ साली आपला आनंद इटलीत इस्कियाला रेबेल १० या प्रोग्रामशी आठ डाव खेळला. पेपरात काय आलं, रेबेल ५-३ ने जिंकला. आता उलगडून बघा. पाच मिनिटांचे चार डाव, रेबेल ३-१. पंधरा मिनिटांचे दोन, रेबेल दीड-अर्धा. आणि पूर्ण वेळेचे दोन, तिथे आनंद दीड-अर्धा! तोच माणूस, तेच मशीन, तोच आठवडा. घड्याळ बदललं की निकाल उलटा. मग रेबेल आनंदपेक्षा भारी की कमी? प्रश्नच अर्धवट आहे ना. किती मिनिटांत, ते सांगा आधी.

डब्यावरचा तो बारीक टाईप मी पुढे भिंग घेऊन वाचला. १८०० हा आकडा टुर्नामेंट लेव्हलचा होता, म्हणजे चालीला सरासरी तीन मिनिटं. आमच्याकडे तीन मिनिटं थांबतंय कोण! सगळे पाच सेकंदांच्या लेव्हलवर खेळायचे आणि "कंपनीने फसवलं" म्हणायचे. तेवढ्यापुरती कंपनी निर्दोष. पण वेळ न सांगता आकडा सोनेरी आणि वेळ सांगणारी ओळ मुंगीएवढी, हे मला आजही पटत नाही.

आता माझी स्वतःची गोष्ट. नोकरीनिमित्त मुंबईला गेलो, टुर्नामेंटा खेळलो, दरम्यान फिडेने यादी खाली खाली आणली आणि मलाही रेटिंग मिळालं. २०१९ च्या मे मध्ये गावी आलो, माळ्यावरून हे काढलं, सेलच्या जागी हिरवं साठलं होतं ते लिंबाने घासलं, आणि चालू झालं! माझं रेटिंग तेव्हा १५६०. म्हटलं आता होडी सापडली, मीच होडी. तीस सेकंदांच्या लेव्हलवर वीस डाव खेळलो, बंडूसारखं पाठ न करता, दर वेळी वेगळं ओपनिंग. वहीत पुढच्या पानावर नोंदी केल्या, बाबांच्या अक्षराखाली माझं अक्षर. मला वीसात सात पॉइंट.

सात म्हणजे ३५ टक्के, एलोच्या कोष्टकात मशीन माझ्यापेक्षा ११० ने वर. १५६० अधिक ११०, १६७०. छान वाटलं. मग नशिबाचा हिशोब केला. वीस डावांना २० टक्के इकडे-तिकडे. म्हणजे मशीन माझ्यापेक्षा जवळजवळ ३०० ने भारी असेल, किंवा माझ्यापेक्षा ३५ ने कच्चंही असेल. अख्खी सुट्टी घालवून मला एवढंच कळलं! बायको म्हणाली, हे तर मी न खेळता सांगितलं असतं.

आणि याच्यावर कळस. १ मार्च २०२४ ला फिडेने २००० च्या खालच्या सगळ्यांचं रेटिंग एकदम वाढवलं, कारण खालची रेटिंगं फारच खचली होती. २००० पर्यंत जेवढं अंतर असेल त्याच्या ४० टक्के मिळवायचे. माझं अजून १५६० च होतं, अंतर ४४०, त्याचे ४० टक्के १७६. एका रात्रीत मी १७३६. एकही प्यादं न हलवता. आणि मी जर होडी असेन तर हे मशीन पण माळ्यावर पडल्यापडल्या १६७० वरून १८४६ झालं! म्हणजे ३८ वर्षांनी डब्यावरचा आकडा खरा ठरला, वर ४६ जास्तच. कंपनीबद्दल मी जे काही बोललो असेन ते मागे घ्यायला हरकत नाही.

हो, विचारा ना. माईक द्या त्यांना... प्रश्न असा आहे की आज मोबाईलवरचं इंजिन, म्हणजे बुद्धिबळ खेळणारा प्रोग्राम, किती भारी. बघा, २००९ मध्येच ब्यूनस आयर्सला एका मोबाईल फोनवर पॉकेट फ्रिट्झ नावाचा प्रोग्राम माणसांच्या टुर्नामेंटमध्ये उतरला आणि दहात साडेनऊ पॉइंट घेऊन गेला. सेकंदाला २० हजार पोझिशनसुद्धा बघत नव्हता, डीप ब्लूच्या दहा हजाराव्या भागाएवढं, तरी. आज स्टॉकफिशचं रेटिंग इंजिनांच्या यादीत ३६०० च्या वर दाखवतात. माणसांत वर्ल्ड चॅम्पियन राहिलेल्या कार्लसनचं सगळ्यात जास्त होतं २८८२, मे २०१४ ला. सूत्रात घातलं तर १०० डावात कार्लसनला दीड-दोन पॉइंट. पण हे १०० डाव कोणी खेळलंय का? नाही. खेळणार का? कशाला खेळेल तो, आणि पैसे कोण देईल! क्रामनिक २००६ ला बॉनमध्ये डीप फ्रिट्झशी ४-२ ने हरला, त्यात एका चालीतली मात त्याला दिसली नाही, वर्ल्ड चॅम्पियनला, त्यानंतर मोठी माणसं हळूहळू लांबच झाली. खाडी रुंद झाली, होडी बंद. ३६०० हा पलीकडच्या काठावरचा आकडा आहे, तो मोठा आहे एवढं नक्की, पण आपल्या २८८२ शी वजाबाकी करताना मी तरी हात आखडता घेतो.

अजून एक, तो पुढे बसलेला मुलगा... "माझं ऑनलाइन १७०० आहे, पण टुर्नामेंटमध्ये १४५० च का?" अरे बाबा, तीच खाडी. लिचेस या खेळायच्या वेबसाइटवर प्रत्येकाची सुरुवात १५०० ला होते, तिथली माणसं वेगळी, घड्याळ वेगळं. दोन्ही आकडे खरे, काठ वेगवेगळे. आणि ते वेबसाइटवरचे "१५०० चा बॉट" असतात ना, त्यांच्याशी जिंकलास म्हणून आईला पेढे आणायला सांगू नकोस. एक बॉट मी बघितला, दहा चाली ग्रँडमास्टरसारख्या खेळला आणि अकराव्या चालीला वजीर आणून माझ्या प्याद्यासमोर ठेवला. १५०० चा माणूस असं करत नाही, तो पंधरा वेगवेगळ्या छोट्या चुका करतो. सरासरी काढली तर दोघे सारखे, हे म्हणजे एक पाय चुलीत एक पाय विहिरीत, सरासरीने अगदी सुखात. माया नावाचं एक इंजिन २०२० मध्ये आलं, टोरांटो आणि कॉर्नेल युनिव्हर्सिटी आणि मायक्रोसॉफ्टच्या लोकांनी केलेलं, ते जिंकायला शिकवलेलंच नाही, ११०० ते १९०० च्या माणसांचे डाव दाखवून माणसासारखं खेळायला शिकवलंय, म्हणजे चुकायला पण. मला ते जास्त आवडतं.

आणि माणूस-मशीन मोजायचं हल्ली काय उरलंय माहितीये? देऊन खेळणं! २००७ ला रिब्का नावाच्या प्रोग्रामने एल्वेस्ट या ग्रँडमास्टरला दर डावाला एक प्यादं देऊन आठ डावात साडेपाच-अडीचने हरवलं. २०१६ ला कोमोडोने नाकामुराला चार डावात वेगवेगळी सूट देऊन अडीच-दीडने. आणि हल्ली लीला नावाच्या इंजिनाची एक खास आवृत्ती आहे, ती स्वतःचा घोडा काढून बसते आणि झटपट डावात ग्रँडमास्टरांनाही पाडते. घोडा कमी! एलोची सूत्रं, हजारो डावांच्या याद्या, सगळं फिरून गाडी पोस्टाच्या पडवीत आली की हो. पोस्टमास्तर आता नाहीत, नाहीतर हे ऐकून त्यांनी एवढंच विचारलं असतं की घोडा डावीकडचा काढतात की उजवीकडचा. त्यांच्या लेखी त्यात फरक होता.

वेळ झाली, अध्यक्ष घड्याळ दाखवतायत. हे मशीन मी इथेच टेबलावर ठेवतोय, कोकम सरबत होईपर्यंत ज्याला खेळायचं त्याने खेळा. सेल नवे घातलेत. लेव्हल तीस सेकंदांची लावलीये, कोणी बदलू नका, आणि बदललीत तर लिहा. वही शेजारी आहे, पेन दोरीला बांधलंय. नाव, पांढरी की काळी, निकाल, आणि शेरा. शेरा लिहाच. आणि बंडू, तू मागे उभा आहेस ते दिसतंय मला, तुझा एकच डाव धरणार.